हेप्झिबाची सून

प्रिय मार्शा,

तुझं भाषण मिळालं. भाषा चांगली आहे. तिसऱ्या परिच्छेदातलं 'अजरामर' तेवढं काढ. संस्कृत शिकवण्यात तीस वर्षं गेली असली तरी अमर झालेलं कोणी मला अजून भेटलेलं नाही. पहिलं वाक्य मात्र वेगळ्याच कारणासाठी अडलं आहे: 'मी हेप्झिबा ऑर्कटची दहाव्या पिढीची नात.' शनिवारी गावसभा तिच्यावरचा साडेतीनशे वर्षांचा चेटकाचा डाग पुसणार आणि कुटुंबाकडून तू बोलणार. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रावर माझीही सही हवी म्हणून परवा हॅरोफील्डच्या नगर कचेरीत गेलो होतो. तिथल्या लिपिका मिसेस टर्विलिजर मला म्हणाल्या, "प्रोफेसर, तुमच्या घरात चेटकीण होती याला कागद कशाला हवा? तुमच्या विनिफ्रेड आत्यांना टर्कीवर सुरी चालवताना पाहिलंय की मी!" मी हसलो, आणि सही न करताच परत आलो.

आजोबांची वंशावळ तुला तोंडपाठ आहे. मुळाशी विधवा हेप्झिबा, १६६७ सालच्या हिवाळ्यात निकालाआधीच तुरुंगात वारली. आरोप काय, तर तिने शेजारणीच्या घुसळणाकडे पाहिलं आणि लोणी आलंच नाही. (असं असेल तर आपल्या आईला तीनदा तरी फाशी झाली असती.) तुरुंगात तिने मृत्युपत्र सांगितलं: 'माझा चरखा सून सायलेन्स ऑर्कट हिला, तो अजून चांगला चालतो.' सून म्हटल्यावर मुलगा हवा. तो कुठल्याच दप्तरात सापडेना, तेव्हा आजोबांनी त्याचं नाव जोनाथन ठेवलं आणि कबरही मिळेना म्हणून त्याला समुद्रात बुडवलं. सायलेन्सने पुढे एका पिंपं करणाऱ्याशी संसार केला खरा, पण तिची थोरली लेक, जिच्यापासून आपण आलो, ती त्या बुडालेल्या जोनाथनची, असं आजोबांनी ठरवून टाकलं. लहानपणी तू त्या जोनाथनसाठी रडायचीस. मला तेव्हाही वाटायचं, हा माणूस फार सोयीने मेला.

घोळ एका शब्दाचा आहे. त्या काळच्या इंग्रजीत सुनेला जो शब्द, 'डॉटर-इन-लॉ', तोच सावत्र लेकीलाही. कायद्याने झालेली लेक, एवढाच त्या समासाचा विग्रह. कायदा कोणाच्या लग्नाचा, हे संदर्भाने समजून घ्यायचं. माझ्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी असा विग्रह केला तर मी वही परत करतो, आणि इथे आपण तीन पिढ्या त्यावर घराण्याची संमेलनं भरवली. सायलेन्स ही हेप्झिबाच्या नवऱ्याची पहिल्या बायकोपासूनची मुलगी. जोनाथन जन्मलाच नव्हता. हेप्झिबाला मूलच नव्हतं.

इथवर ऐकून तू म्हणशील, "असेना का सावत्र, रूफस! नातं ते नातं." मीही तेच म्हणालो असतो. पण खटल्याच्या कागदांत सायलेन्सची जबानी आहे, वय वर्षं सतरा. शेजारणीचं लोणी न्यायाधीशांनी फारसं मनावर घेतलं नव्हतं. मग ही पोर उभी राहिली आणि म्हणाली, "ती सूत कातताना कुणाशीतरी बोलते, आणि खोलीत कुणी नसतं. ती माझी आई नव्हे." त्याच दुपारी हेप्झिबाला आत टाकलं. मृत्युपत्र त्यानंतर सात आठवड्यांचं आहे. चरखा आपण कोणाला देतोय हे तिला पुरेपूर माहीत होतं.

आता माझ्याबद्दल. ती जबानी मला परवा सापडलेली नाही, सहा वर्षांपूर्वी सापडली. तुझी केमोथेरपी चालू होती, गार्थ नुकताच तुमचा संसार सोडून गेला होता, आणि डोक्याला रुमाल बांधून तू मला फोनवर म्हणालीस, "मी हेप्झिबाच्या रक्ताची आहे रे, मला काय होतंय!" त्यावर कोणता भाऊ व्युत्पत्ती समजावत बसेल? मी म्हणालो, "खरंय." पुढे दर वर्षी सांगायचं राहिलं, आणि तुझ्या वंशावळीच्या पेटीत एकेक कागद वाढत गेला. एवढंच सांगतो: तेव्हा जे निभावलं ते तुझं तू निभावलंस. रक्ताचा त्यात काही हात नव्हता, हे माझ्याकडे आता लेखी आहे.

तर हे पत्र सही नाकारण्यासाठी नाही, भाषण बदलून मागण्यासाठी आहे. टर्विलिजरबाई सांगत होत्या, हेप्झिबाचे वंशज म्हणून आणखी चार कुटुंबांनी नावं दिली आहेत. त्या निपुत्रिक बाईचा गोतावळा वाढतोच आहे. तिच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्यांच्या घरातून मात्र एकही आलेलं नाही. ठराव वाचून झाल्यावर अध्यक्षबाई विचारतील, कुटुंबाकडून कोण बोलणार. तेव्हा तू ऊठ आणि सांग, आम्ही सायलेन्सचे. प्रतिज्ञापत्र तसं लिहिलंस तर खाली माझी सही आहेच. तुला जमणार नसेल तर मी उठेन. पण मी उठलो की लोकांना वाटतं तास सुरू झाला, आणि ही माफी आहे हे त्यांना कळायला हवं.

तुझाच,
रूफस