तिसऱ्या स्टँडवरचा श्वास

४ मार्च

आजही मान हलवली नाही त्याने! एका स्टँडला दोन व्हायोलिनवाले, दोघांत मिळून एक नोटेशन. बाहेरच्या खुर्चीवरचा लोकांना दिसतो, सलग वाजवत राहतो. आतल्या खुर्चीवरच्याने वाजवणं थांबवून पानं उलटायची. पान संपत आलं की बाहेरचा हळूच मान हलवतो — एवढी साधी रीत. एकोणीस वर्षं मी आतली, तो बाहेरचा. आणि लाटसाहेबांना आता मान हलवायचेही कष्ट नकोत! दोन वर्षं झाली, मीच अंदाजाने उलटते. मोलकरीणच ठेवलीय ना!

ऑर्केस्ट्राला शंभर वर्षं होताहेत. ज्या सिंफनीने आमचं नाव झालं, तीच आता तिसऱ्यांदा रेकॉर्ड करायची. पहिलं रेकॉर्डिंग मी यायच्या आधीचं, दुसरं माझ्या पहिल्या वर्षातलं. तिन्ही एका पेटीत घालून विकणार. हे आटपलं की कंडक्टर खुर्च्या नव्याने ठरवणार आहे. मला बाहेरची हवीय. बस्स.

५ मार्च

आई म्हणाली, "जेवताना तरी त्या माणसाला घरात आणू नकोस." उठलेच पानावरून.

७ मार्च

भर हॉलमध्ये शोभा झाली माझी.

तिसऱ्या भागात व्हायोलिनांना लांबलचक विराम आहे. आम्ही गप्प मात्रा मोजत बसतो. शेवटची मात्रा कंडक्टर मनाला येईल तेवढी ताणतो, म्हणून त्याच्या काठीवर डोळा ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम शिरायचं. रेकॉर्डिंगवाला काचेमागून तरातरा बाहेर आला. "एन्ट्रीच्या आधी तिसऱ्या स्टँडवरून कुणीतरी फुस्सकन श्वास घेतंय. बाई, तुम्हीच! बंद करा ते! जुन्या टेपवरही आहात!" आणि ते दुसरं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं. फुस्स! बासरीवाला पोट धरून हसला.

टेपवरचा माझा नव्हेच. याचा आहे! माझ्या पहिल्या वर्षी हाच माझ्या कानाशी भात्यासारखा फुसफुसायचा, किळस यायची. त्याचीच खोड मला लागली. पण लाटसाहेब तोंड उघडतील तर शपथ. बसले समोर बघत.

८ मार्च

श्वास दाबून धरला. आणि काय मजा! सगळे शिरले, लाटसाहेब मागून. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा चुकले! कंडक्टरने भुवया वर केल्या. मला आतून गुदगुल्या.

मधल्या सुटीत शेजारी येऊन विचारतो, "आज तुझा श्वास ऐकू आला नाही. बरं नाही का?"

"ठणठणीत आहे."

माझ्या श्वासाशी याला काय करायचंय?

१० मार्च

घाईत मी स्टँडवर भलतंच नोटेशन लावलं. पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमाचं. लक्षात आलं तेव्हा काठी वर गेलेली! आता हा सगळ्यांसमोर माझा पाणउतारा करणार, म्हणून अंग चोरून बसले. तर तो त्याच कागदाकडे बघत सिंफनी वाजवतोय. बिनचूक. भुवईसुद्धा हलली नाही.

डोळे गेलेत त्याचे! सगळं पाठ आहे, म्हणून निभावतंय. पान दिसत नाही, म्हणून मान नाही. काठी दिसत नाही, म्हणून एन्ट्रीला माझा श्वास.

दया? मुळीच नाही आली. तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं माझ्या जिवावर वाजवतोय, आणि मला एका शब्दाने सांगावंसं वाटलं नाही!

११ मार्च

व्हायोलिनं ठेवायच्या खोलीत गाठलं त्याने. "तुला कळलंय," म्हणाला. मी माझं व्हायोलिन पुसत राहिले.

"एवढं रेकॉर्डिंग होऊ दे. मग मी आपणहून उठतो. खुर्ची तुझीच आहे, मी सांगेन त्यांना. फक्त त्या एन्ट्रीला श्वास घे. हळू. मला पुरतो."

"मला मनाई आहे," मी म्हणाले.

किती गोड लागलं ते जिभेवर!

१३ मार्च

संपलं एकदाचं. पहिल्या टेकला तो एकटाच आधी शिरला. शांततेत एकच व्हायोलिन. दुसऱ्याला मागून. माझे ओठ घट्ट मिटलेले. कंडक्टरने काठी खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "हा भाग तुम्ही नका वाजवू. नुसते बसा."

नुसता नाही बसला. व्हायोलिन पुसलं, पेटीत ठेवलं, भिंतीला हात लावत बाहेर गेला. जाताना मला म्हणाला, "पान जपून उलट, कोपरा फाटलाय." अजूनही हुकूमच!

तिसरा टेक पास.

१४ मार्च

खुर्ची माझी. दिवे सरळ डोळ्यांवर येतात. आईला सांगितलं, तर नुसतं "बरं" म्हणाली.

२ एप्रिल

तिन्ही रेकॉर्डिंगांची पेटी आली. पहिलं रेकॉर्डिंग लावलं. त्यात मी नाही, तो आहे, याच स्टँडवर. एन्ट्रीच्या आधी कान देऊन बसले. काही नाही. शांतता, आणि मग सगळी व्हायोलिनं. पुन्हा लावलं. श्वास नाहीच.

मग दुसरं लावलं. फुस्स!

आई आतून म्हणाली, "हेच ना ते? त्या वर्षी रोज रडत घरी यायचीस. मोजायला चुकते, कुठे शिरायचं कळत नाही, आता काढून टाकतील म्हणून."

माझ्यासाठी घ्यायचा तो.

आणि मी म्हणाले, मला मनाई आहे.