चामडी तुमची, हाडकं आमचे

१९ जानेवारी १९२४, अकोला

आज रूळ मोडला! अर्धा माझ्या हातात, अर्धा बाकाखाली. कुणाच्या पाठीवर मोडला ते आठवत नाही — हे मात्र वाईट.

चौदा वर्षं झाली पुणं सोडून. मामा म्हणाले होते, "वऱ्हाडात इंग्रजीच्या मास्तराला मान फार." डोंबलाचा मान! पुस्तकातली वाक्यं पोरं एका सुरात म्हणतात. स्वतःचं एक वाक्य बोला म्हटलं की सगळ्या मुंड्या खाली. मग मी मारतो. पुन्हा विचारतो. पुन्हा मारतो. पालथ्या घड्यावर पाणी.

पहिल्या वर्षी पोरांना मोर्णा नदीच्या काठी घेऊन जायचो, झाडांची इंग्रजी नावं सांगायचो. लळा होता, खरंच होता. आता जुन्या शहरातून शाळेकडे वळलो की हात शिवशिवायला लागतात.

२० जानेवारी

कौशल्येनं सकाळी दंड दाखवला. काळानिळा. "झोपेत 'सिट डाऊन, सिट डाऊन' म्हणत मारलंत हो मला!" हसून सांगत होती. मला हसू आलं नाही.

२ फेब्रुवारी

पुण्याच्या शाळेत जागा आहे! पण इन्स्पेक्टरचा शेरा चांगला हवा. साहेब अमरावतीहून महिनाअखेरीस येणार. एक शेरा, की सुटलो. नाही सुटलो तर एखाद्या दिवशी माझ्या हातून कुणाचा तरी जीव जाईल. हे उगाच लिहीत नाही.

११ फेब्रुवारी

तालीम सुरू. आमच्या शाळेची जुनी युक्ती — साहेबासमोर मास्तरनं प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. साहेबाला वाटतं, काय हुशार वर्ग! मास्तर फक्त उजव्या हातवाल्यांना उठवतो.

खरा उजवा हात एकच — शेषरावचा. बाजारात भाजी विकणाऱ्या पार्बताबाईचा पोरगा. त्याचं नाव घालायला आली तेव्हा इकडच्या सगळ्या आया म्हणतात तेच म्हणाली, "मास्तर, चामडी तुमची, हाडकं आमचे." म्हणजे बडवा खुशाल, हाड तेवढं मोडू नका. इकडचा करारच आहे तो.

१८ फेब्रुवारी

केलं. शेवटी केलंच मी!

तालमीत शेषराव उभा राहिला. "मास्तर, येत नसल तं हात कावून वर कराचा? हे तं लबाडी झाली नं?" सगळा वर्ग फिसकन हसला. तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, हात पुढे कर. त्यानं उजवा केला. नवा रूळ होता, शिसवीचा. किती मारले कोण जाणे. जानराव शिपाई धावत आला, मागून मिठी मारून मला ओढलं. "मास्तर, सोडा! मरून राह्यलं नं पोट्टं!"

पोरगा ओरडला नाही. बोटं भलतीकडेच वळली होती. जानराव त्याला हाडवैद्याकडे घेऊन गेला.

१९ फेब्रुवारी

दिवसभर वाट पाहिली. पार्बताबाई आली नाही. का आली नाही? येऊन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२६ फेब्रुवारी

साहेब येऊन गेले.

शेषराव आला होता. उजव्या हाताला कामट्या बांधलेल्या, हळदीचा लेप. मी प्रश्न विचारला. सगळे हात वर. त्याचा डावा! दुसरा होता कुठे त्याला? मी नजर चुकवली, भलत्यालाच उठवलं. तो त-त-प-प करत बसला. साहेबांनी काठी सरळ शेषरावकडे रोखली — तो, तो सांगेल.

सांगितलं. अडखळला नाही. साहेब खूश. मग विचारलं, हाताला काय झालं?

शेषरावनं माझ्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाला — साहेब, मी चिंचेवरून पडलो. फांदी कच्ची होती. कुणाची चूक नाही.

हे कुठल्या पुस्तकात नाही. मी शिकवलेलं नाही. चौदा वर्षांत माझ्या वर्गात कुणी बोललेलं पहिलं स्वतःचं वाक्य! ज्यानं खोटा हात वर करायला नकार दिला, तो पोरगा माझ्यासाठी खोटं बोलला.

शेरा 'उत्तम'.

२८ फेब्रुवारी

पुण्याचं पक्कं. कौशल्येनं शिरा केला. "अहो, सुटलात ना एकदाचे?" म्हणाली. मी ताट सरकवलं.

३ मार्च

जानराव सांगत होता — कामट्या सोडल्या, पण दोन बोटं वळत नाहीत. घरीही पोरगा चिंचेचंच सांगत होता. जानरावला राहवलं नाही, त्यानं पार्बताबाईला खरं सांगून टाकलं. "मले माफ करा मास्तर, पण माय हाये ते." म्हटलं, बरं केलंस.

६ मार्च

डाव्या हातानं लिहितोय. अक्षर किडेमुंगी.

परवा पार्बताबाई बाजारातूनच आली. पाटी उतरवली, भाजीखालून शेराचं लोखंडी वजन काढलं. "काय ठरलं व्हतं मास्तर? हाडकं कोनाचे?" तुमची, म्हटलं. "मंग ठेवा हात." कौशल्या किंचाळली. मी ठेवला. उजवा.

आज हेडमास्तरांनी भर वर्गात विचारलं, हाताला काय झालं हो? आणि असे पुण्याला कसे जाणार?

नाही जात, म्हटलं. चिंचेवरून पडलो.

शेषरावनं डावा हात वर केला. खरं सांगेल हे कळूनही मी त्याला उठवलं.