सहा बिछान्यांची बोट

३ फेब्रुवारी, टिरेल बे

आलो बाई एकदाचे आमच्या बेटावर परत! इंग्लंडात तीस वर्षं इस्पितळाच्या चादरी धुतल्या. आता धुवायची तर स्वतःचीच चादर, आणि तीही शिडाच्या दोरीवर वाळत घालायची. म्हातारपण बोटीवर काढायचं, हे आल्बनचं आणि माझं लग्नाआधीपासूनचं ठरलेलं. जुन्या बोटी विकायला दोनच आहेत. ‘रूथ’ अठ्ठावीस फुटी, दोन बिछान्यांची, म्हाताऱ्या कथबर्ट सुताराने स्वतः बांधलेली. मी तिच्यावर पाय ठेवला तशी ती अशी कलली, की आल्बन म्हणाला, “बघा, बोटीला कळलं कोण आलंय ते.” चारचौघांत माझं वजन काढायचं अडलं होतं का काही? ‘कॉन्स्टन्स’ चव्वेचाळीस फुटी, सहा बिछाने. तिच्यावर चढले तर ढिम्म हलली नाही. मला तीच आवडली.

६ फेब्रुवारी

तीन दिवस नुसते वाद. आल्बनचं म्हणणं, माणसं दोन, बिछाने सहा कशाला, आणि वारा सुटला की एवढी शिडं दोन म्हातारी आवरणार कशी. मी म्हटलं, नातवंडं आली की काय डोलकाठीला बांधायची? कथबर्टनेही नाक खुपसलंच. कॉन्स्टन्स म्हणे भर समुद्रात एकटीच तरंगताना सापडली होती. वरची चार माणसं गायब, चहा तसाच कपात. त्याला त्याची रूथ खपवायची आहे, दुसरं काय! शेवटी आल्बनने मान डोलावली. नेहमी डोलावतो.

११ फेब्रुवारी

रंगरंगोटी करून आज कॉन्स्टन्स परत पाण्यात. बुडाशी लाल पट्टा मी स्वतः रंगवला. पाण्याच्या वर चांगला वीतभर दिसतो. पहाटेपासून मटण, मक्याचा घाटा, वाटाण्याचा भात. बोट पाण्यात सोडताना आमच्याकडे माणसं जेवण्याआधी पितरांचं ताट मांडायचं, ते घरात, बंद खोलीत, रात्रभर. पण आमचं घर आता हेच. चार बिछाने रिकामे, म्हणून चारांवर चार ताटं मांडली. ते नाहीसे झालेले चौघेही आठवले. कोण घालणार त्यांना? तुम्हीही या रे, म्हटलं.

१२ फेब्रुवारी

ताटं लख्ख! हाडंसुद्धा नाहीत. इतका आनंद झाला की धावत जाऊन कथबर्टला सांगितलं. त्याने हातातली तासणी खाली ठेवली. म्हणाला, ताट घरात मांडतात ते घराला दार असतं म्हणून; जेवतात आणि निघून जातात.

“बुडालेल्यांना पाण्यावरच जेवायला बोलावलंस, आयोनी? आता ते उठून जाणार कुठे?”

मी उतारा विचारला. तो तासणी उचलून पुन्हा फळी तासायला लागला.

१४ फेब्रुवारी

चारही बिछाने ओले. उशांना खळगे पडलेत. लाल पट्टा चार इंच खाली गेलाय. तळाच्या फळ्या उचकटून पाहिल्या, आत पाण्याचा थेंब नाही. चार माणसांनी एवढी बोट केसभरही बसायची नाही, असं कथबर्ट म्हणतो. जिवंत माणसांनी, म्हणाला.

१७ फेब्रुवारी

काल आल्बनला ओढत टेकडीवर भाचीकडे झोपायला नेलं. सकाळी पलंग रिकामा. बोटीवर सापडला, ओल्या कपड्यांत, चहा पीत. म्हणतो, माणसं चांगली आहेत गं, आपण गेलेलं त्यांना आवडत नाही. मी हात धरला. हात थंडगार होता. मला फार भीती वाटते आहे.

१९ फेब्रुवारी

पट्टा पाच इंच खाली. आल्बन पाव आणायला वल्ह्याच्या होडक्यात उतरला. तेच होडकं, ज्यात मांजराने उडी मारली तरी हिंदकळतं. तो बसला आणि होडकं — जरासुद्धा — पाण्यात गेलं नाही. रिकामंच असल्यासारखं. किनाऱ्याकडे वल्हवत गेला, वळून हात केला मला.

दोन माणसं, दोन बिछाने, म्हणत होता. मीच ऐकलं नाही. मेल्या, एकदा तरी नाही म्हणायचं होतंस. एकदा तरी —

२० फेब्रुवारी, सकाळ

आल्बन बिछान्यात, भिंतीकडे तोंड करून. हाक मारते, ओ देत नाही. ओढते, हलत नाही — होडक्यात हवेसारखा, इथे शिशासारखा. बाकीचे चारही बिछाने भरल्यासारखे दबलेत. माझा तेवढा सपाट, कोरडा. उशीजवळ ताट. मटण, घाटा. वाफ निघतेय. मी शिजवलेलं नाही.

पट्ट्याकडे बघवत नाही.

२० फेब्रुवारी, दुपार

पट्टा मोजला. सहा इंच. पण मी ताटाला हात लावलेला नाही. शप्पथ, नाही लावला —

कथबर्ट रूथ घेऊन आला. म्हणाला, त्याला सोड, तू ये. मी रडले. आल्बनला खाली टाकून — देवा — आले.

आता रूथवर आहे. वही गुडघ्यावर. मी आधी एक पाय ठेवला, मग दुसरा. कथबर्ट माझ्याकडे बघत नाही. बोटीच्या कडेकडे बघतोय, पाण्याकडे. पांढराफटक पडलाय. मी म्हटलं, अरे, दमानेच चढले मी आज, म्हणून कलली नाही. तो मागे सरकला.

पाय आपटला. परत आपटला. आता उडी मारून बघते, कथबर्ट, नीट बघ हां, आता तरी ती जराशी —