शेंदूर फासलेला नळ

शेलूबाजार, ११ नोव्हेंबर १९५४

शी! बॉयलरात पाणी किती ते दाखवणाऱ्या काचेखालच्या नळावर कोणीतरी पुन्हा तेल ओतलं. दसऱ्याले बॉयलरची पूजा झाली, तवा लोकायनं त्या नळाले शेंदूर थापला, बोटानं दोन डोळे काढले — झाला देव! आता त्यावर मुंग्या, रुईचा भुसा, कुजकं खोबरं. अरे, तो नळ रोज उघडून काच धुवायची असते! नाहीतर आत पाणी खरंच तेवढं हाये का, कसं समजन?

पाना लावाले गेलो तर शालिग्राम आडवा. माझाच आगवाला, भट्टी पेटती ठेवणारा! "मिस्त्री, देवाले पाना लावता?"

या कापसाच्या जिनाचे मालक कांतीलालशेठ. त्यायच्याकडे गेलो. तोंडात सुपारी. "लोकायच्या श्रद्धेत मी कायले पडू? काच अर्धी भरून हाये ना? मंग!"

१२ नोव्हेंबर

काच अर्धी.

१३ नोव्हेंबर

आजही अर्धीच. पाणी काचेत जरा थरथरलं पाहिजे. हे मख्ख बसलं हाये. बॉयलरात पाणी भराले पंप लावू म्हटलं, तर शालिग्राम काच दाखवते. शेठही काचच दाखवते. वीट आला त्या काचेचा!

घरीही तेच. धुरपता, माझी बायको, जिनातच मशीनवर कापूस टाकते — बॉयलरच्या भिंतीपल्याड. ती म्हणे, "पानी डोळ्यानं दिसून राह्यलं ना? तुमाले काहून शक येते?"

काहून येते, मलेच सांगता येत नाही.

१५ नोव्हेंबर

आग ओढली आज!

दुपारी बॉयलरपासून चाललो होतो. तापलेल्या कोरड्या तव्याचा वास आला. थांबलो. काच अर्धी. दाबाचा काटा जागेवर. सगळं कसं बेस! म्हटलं, खड्ड्यात गेली ती काच! भट्टीचं दार उघडलं, फावड्यानं निखारे बाहेर ओढले. पायावर फोड आले.

शालिग्राम बोंबलला. मशीनचे पट्टे थांबले. बाया बाहेर आल्या, त्यात धुरपता — केसात रुई, मान खाली. शेठ धावत आले. "दारू पिऊन आले काय, मिस्त्री? भर सीझनात जिन बंद?" सगळ्यायसमोर!

म्हटलं, "थंडा होऊ द्या, उघडून पाहू. पानी बरोबर निंगालं तर आजच बोचकं बांधतो."

घरी जाताना धुरपता दहा पावलं पुढं चालली.

१७ नोव्हेंबर

उघडला.

भट्टीच्या नळीचा माथा पाण्याबाहेर! भाजून निळा पडलेला. अजून थोडा वेळ आग राह्यली असती तर बॉयलर फुटून ती भिंत, त्या बाया, माझी धुरपता... लिहवत नाही.

आन् आतलं पाणी एवढं खाली, तरी काच अर्धीच! आपल्या इकडच्या खाऱ्या पाण्याचा खार बुडाशी बूच मारून बसलेला. काचेतलं पाणी काचेतच कोंडलेलं. आमी सगळे त्याच्याकडे पाहून पंप बंद ठेवत होतो. हाड!

शेठ सुपारी चघळायचे थांबले. शालिग्राम आत डोकं घालून पाहत राह्यला. धुरपतानं फाटकात माझा हात धरला, चारचौघात. म्हणे, "तुमच्यानं जीव वाचला माझा." मले रडू आलं.

खार खरवडला. माथा ठोकून पाह्यला, टिकेल. नळावरचा शेंदूरही काढून टाकतो, म्हटलं, भट्टी पेटायच्या आधी.

२० नोव्हेंबर

पाना घेऊन गेलो. नळाले हार. शेठ हात जोडून उभे. "यानंच वाचवलं, मिस्त्री. आता याले कोनी बोट लावाचं नाई."

शेंदराचा नवा जाड थर, अजून ओला. डोळ्यायच्या जागी धुरपताच्या कानातली चांदीची फुलं.