बियाण्याचे नारळ

मिठबाव, ८ मे १९५८

माझे बियाण्याचे बाराही नारळ इथल्या शहाण्यांनी सोलले. आधी हे ऐक, मग आशीर्वाद घे.

सुभद्रा, तुला, लवूला आणि पोरांना आशीर्वाद. मी खुशाल आहे. श्रमदानाला मुंबईचे कॉलेजवाले आलेत. माड लावायला म्हणून नारळ त्यांच्या हाती दिले आणि पाणी प्यायला गेले, तेवढ्यात सगळ्यांचं सोडण काढून ढीग घातला. मी विचारलं, "तुका ह्या कोणी शिकवल्यान रे?" तर चष्मेवाला म्हणतो, "आजी, साल काढलं की कोंब लवकर येईल."

सोललेला नारळ रुजत नाही, हे आपल्या देवबागात शेंबड्या पोराला ठाऊक. दुपारी त्या नारळांचीच आमटी केली. सगळे वाखाणत जेवले. मी जेवले नाही.

आपला माड होळीच्या उधाणाला दर्याने नेला. त्याचे आता माळ्यावरचे चारच नारळ उरलेत. त्यांना कोयता लावू नको. विहिरीकडे रेतीत आडवे पूर आणि रोज पाणी घाल. कंबर धरली असेल तर लवूला कळशी उचलू दे, तो काही झिजणार नाही.

तुझी सासू हौसा

चारही आहेत की स्वयंपाकात गेले, ते तूच लिही. लवूने लिहायचं नाही. तो मला बरं वाटावं म्हणून आहेत म्हणेल.