बुटकं स्टूल

तीर्थरूप बाबांना नमस्कार,

माझी तब्येत उत्तम, जेवणही वेळेवर. आईचे गुडघे कसे आहेत?

वर्गात 'स्वतःच्या कल्पनेतून' बसायचं काहीतरी बनवायला सांगितलं होतं. तीन आठवडे नुसते कागद फाडले. शेवटी साधंच स्टूल केलं, तर ते डुगडुगायला लागलं. एक पाय कापला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. डुगडुग थांबली तेव्हा स्टूल वीतभर उरलं होतं.

सरांना ते फार आवडलं. "इतकं बुटकं करावं हे कसं सुचलं?" म्हणाले. मी म्हटलं, "सुचलं आपलं."

नंतर त्यावर बसून पाहिलं आणि आईचं भाजी निवडायचं स्टूल आठवलं. तुम्हीही ते असंच कापत गेला होतात, मी तिथेच होतो. आईला मात्र म्हणालात, "तुझ्यासाठी मुद्दाम बुटकं केलंय." म्हणून ती अजून त्यावरच बसते, उठताना भिंत धरते.

स्टुलासोबत वर्गात द्यायच्या फॉर्मवर 'मूळ कल्पना कोणाची' असा रकाना आहे. तो कोरा ठेवलाय. तुमचं नाव घालायचं, तर सरांना डुगडुगीचंही सांगावं लागेल.

तुम्ही आधी आईला सांगा, मग मी सरांना सांगतो.

तुमचाच,
धाकटा