बदली नवस

गोराई, २ डिसेंबर

चि. रोशनीस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन वॉर्डाबाहेर ठेवून घेतात, म्हणून तुझा कृणालदादा डबा आणतो त्यातच ही चिठ्ठी. बाळ दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतून निघून घरी येईपर्यंत आपल्या चुलीवर मासळी चढणार नाही, असा नवस मी देवीला बोलले आहे. तूही शिवायचं नाहीस. सातव्या महिन्यात घाईने आलेल्या नातवासाठी कोळ्यांनी एवढं करायलाच हवं. तुझे बाबा होडीतून मासळी आणतात, मी बाजारात विकते आणि दुपारी दोघं दुधीसमोर बसतो. बाबा ताटाकडे बघून उसासे टाकतात. तुझ्या डब्यातही दुधीच आहे. संपव.

तुझ्या काळजीत,
आई

बोरिवली, ६ डिसेंबर

ती. आईस सा. न. वि. वि.

दुधी पोचला. परवाही पोचला होता.

आता नीट वाच. पोटातल्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत बाळ आईकडून सेलेनियम घेतं. आपला त्याआधीच निघून आला, त्यामुळे तपासणीत ते फार कमी निघालं. अशा बाळांना आजार लवकर गाठतात म्हणे. सलाइनमधून वजनाप्रमाणे मोजून देताहेत. पण आता नळीने माझं दूध सुरू झालंय आणि दुधात ते माझ्या जेवणातूनच उतरतं. डॉक्टर ऋता म्हणाल्या, मासे खा. मी सांगितलं की माहेर गोराईचं, धंदा मासळीचा आणि सध्या मी दुधीवर आहे. त्यांनी पेनच खाली ठेवलं.

आई, मला भीती वाटते गं. दोन तळहातांत मावेल एवढासा आहे तो. मला नवसातून सोडव. आणि त्याला सुकटीचं पाणी पाजायचं मनातही आणू नकोस. सेलेनियम जास्त झालं तरी बाधतं.

तुझी वाट बघणारी,
रोशनी

गोराई, ७ डिसेंबर

चि. रोशनीस खूप आशीर्वाद.

चिठ्ठी वाचली. ज्याच्यासाठी नवस, त्याच्याच तोंडचं मी काढून घेत होते. तशीच देवळात गेले. देवीला म्हटलं, हा नवस सोड, बदल्यात दुसरा घे. पण मासळीहून जड काय सोडायचं ते सुचेना. तुझे बाबा पटकन म्हणाले, बाजारात शेजारी बसणाऱ्या प्रेमाशी जागेवरून भांडणं सोड. त्यांना इतक्या पटकन कसं सुचलं, ते मी नंतर बघणार आहे.

आज प्रेमाने आपली पाटी सरळ माझ्या जागेवर मांडली. मी हसले आणि सरकून बसले. ती पांढरीफटक पडली. पाटी तिथेच टाकून माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. बाळाचं काही बरंवाईट झालं म्हणूनच मी गप्प, असं तिला वाटलं. नवसाचं सांगितलं तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. मग मीही रडून घेतलं.

डब्यातला रावस तिचा आहे. जागा मात्र तिने अजून सोडलेली नाही.

माया आहेच,
आई

बोरिवली, १० जानेवारी

ती. आईस सा. न.

बाळाचं सेलेनियम हवं तेवढं झालं. सलाइन गेलं, नळीही गेली. आज तो स्वतः प्यायला आणि नर्सवर खेकसला, म्हणजे तुझ्यावरच गेलाय. सोमवारी आम्ही घरी येतोय. तो उंबऱ्याच्या आत आला की तुझा नवस फिटला. मग खुशाल भांड. पण त्याआधी त्याला एकदा प्रेमामावशीच्या मांडीवर दे.

लोभ आहेच, तो वाढू दे.
रोशनी